आठही दिवे लागले, तरी नेट का जाते?

बेळगावच्या उत्तरेचे आमचे कडोली गाव मराठी वाचकांना माहीत असते ते दरवर्षी भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळे. यंदा मी गावी गेलो, तेव्हा घरात वेगळाच विषय चालू होता. माझा पुतण्या बेंगळुरूच्या एका कंपनीचे काम घरातूनच करतो. मागच्या अंगाला बांधलेली नवी खोली हे त्याचे ऑफिस. सोप्यात राउटर आणि तिथून या खोलीपर्यंत चाळीसेक मीटर नेटवर्क केबल. बोअरची मोटर चालू झाली की त्याची मीटिंग तुटायची. साहेबांनी स्पष्ट सांगितले होते, "महिन्याभरात नेट सुधारलं नाही, तर इकडे येऊन राहावं लागेल."

तो गेला की घरात आबा आणि आज्जी दोघेच. आज्जीने मला आल्या आल्या सांगितले, "मोटर लावली की त्येचं नेट जातंय बघ. मी पाणी पहाटेच भरून ठेवतो म्हटलं, तर लाईट कुठं असतीया तवा!"

तोवर राउटर बदलून झाला होता. तालुक्याच्या गावाहून एक तंत्रज्ञ येऊन केबल टेस्टर लावून गेला होता. एक ते आठ, सगळे हिरवे दिवे ओळीने लागले. "केबल एकदम ओके आहे, मोटरच बदला," असा सल्ला देऊन तो गेला. नवी मोटर म्हणजे मोठा खर्च. आबा त्याच विचारात होते.

त्या टेस्टरचे म्हणणे खोटे नव्हते. फक्त त्याला जो प्रश्न विचारला, तो आमचा प्रश्नच नव्हता.

पिळाचे काम

नेटवर्क केबल सोलून पाहिली, तर आत आठ तारा दिसतात आणि त्यांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली आहे. अशा पीळ दिलेल्या जोडीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ मध्ये मिळाले. बाहेरची विद्युत खरखर अशा जोडीच्या दोन्ही तारांवर जवळपास सारखीच येते. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचते, त्यामुळे दोन्हींवर सारखी आलेली खरखर वजा होऊन जाते. शेजारच्या जोडीचा संदेशही असाच रोखला जातो. पूर्वी फोनवर क्रॉस कनेक्शन लागून दुसऱ्याचे बोलणे ऐकू यायचे. केबलमधल्या क्रॉसटॉकचा प्रकार साधारण तोच.

हा बचाव टिकतो तो एका अटीवर: एका संदेशाच्या दोन्ही तारा एकाच पिळातल्या हव्यात. प्लगमध्ये पहिली जोडी १ आणि २ क्रमांकावर जाते, पण दुसरी ३ आणि ६ वर. म्हणून रंगांचा प्रचलित क्रम असा असतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मधल्या निळ्या जोडीच्या दोन बाजूंना बसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा क्रम चुकीचाच वाटतो. मग कोणीतरी 'नीट' लावतो, म्हणजे केशरीशेजारी केशरी आणि हिरव्याशेजारी हिरवा.

दोन्ही टोकांना हीच चूक झाली, तर १ ची तार १ ला, २ ची तार २ ला, अशा आठही तारा बरोबर पोचतात. टेस्टरचे दिवेही लागतात. पण ३ आणि ६ वर वेगवेगळ्या पिळांतल्या तारा आल्याने तो संदेश उघडा पडतो. याला स्प्लिट पेअर म्हणतात. साधा टेस्टर तार पोचली का एवढेच पाहतो. तिचा जोडीदार कोण, हे त्याला कळत नाही.

कोणत्या प्रश्नाला कोणते साधन

साधन उचलण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. मग निवड सोपी होते.

*दोष केबलमध्येच आहे का?* यासाठी काहीच विकत आणावे लागत नाही. लहान, चांगल्या केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडा आणि तीच अडचण येते का पाहा. शिवाय नेट गेल्याची वेळ आणि त्या वेळी घरात काय चालू होते, हे वहीत टिपून ठेवा.

*संदेश खराब होऊन पोचतोय का?* लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग दिसतो. १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसला, तर शंका घ्यावी. त्याहून बोलका असतो तो एररचा आकडा. विंडोजमध्ये 'नेटस्टॅट' आणि लिनक्समध्ये 'ईथटूल' या कमांडने तो पाहता येतो. यंत्र चालू केल्यावर आकडा झपाट्याने वाढला, तर खरखर आत शिरते आहे.

*तार तुटली आहे का, क्रम चुकला आहे का?* इथे काहीशे रुपयांचा दिव्यांचा टेस्टर पुरेसा. मल्टीमीटरही तार सलग आहे का ते सांगेल. स्प्लिट पेअर पकडायला मात्र ती सोय असलेला वायरमॅप टेस्टर हवा, आणि विकत घेताना तसे विचारूनच घ्यावा.

*भिंतीतल्या दहा केबलींपैकी आपली कोणती?* यासाठी टोनर आणि प्रोब. एका टोकाला सूर सोडायचा आणि दुसरीकडे तो ऐकत जायचे. खरखरीचे निदान हे साधन करत नाही.

*दोष किती मीटरवर आहे?* हे टीडीआर सांगतो. तो तारेत विजेचा छोटा ठोका सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. केबलमध्ये हा ठोका एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. ३०० नॅनोसेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर जाऊन-येऊन ६० मीटर झाले, म्हणजे दोष ३० मीटरवर. काही ऑफिसांतल्या स्विचमध्ये ही सोय असतेच.

*केबल तिच्या दर्जाला उतरते का?* हे सर्टिफायर सांगतो. तो क्रॉसटॉक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजतो: कॅट-५ई साठी १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट-६ साठी २५० पर्यंत. किंमत लाखांत असल्याने घरासाठी कोणी घेत नाही. मोठ्या इमारतीचे काम करून घेताना मात्र ठेकेदाराकडून त्याचा अहवाल मागावा.

*खरखर येते कुठून?* हे शोधायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. घरच्या घरी पहिला अंदाज घ्यायला सेलवर चालणारा जुना मीडियम वेव्ह रेडिओ चालतो. दोन स्टेशनांच्या मधे लावून तो घरभर फिरवायचा. जिथे खरखर वाढते, तिथे संशयित सापडतो.

वेल्समधल्या अबरहोसन या गावाची गोष्ट २०२० मध्ये गाजली. दीड वर्ष रोज सकाळी सातच्या सुमारास गावाचे ब्रॉडबँड कोलमडायचे. ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरून येत होते. केबली बदलून झाल्या, फरक पडला नाही. शेवटी अभियंते स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन गावभर हिंडले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. मालक तो रोज सातला लावत असे. केबल बदलणे हे तिथल्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते.

आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला हीच काळजी कायमची आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संदेश टिपतात. माणसाने निर्माण केलेली रेडिओ खरखर कमी, हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. तरीही वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांसारख्या व्यत्ययांशी तिथल्या लोकांना झगडावे लागते. अँटेनांकडचे संदेश तिथे ऑप्टिकल फायबरमधून येतात. फायबरला विद्युत खरखर लागत नाही. घरापासून शेतातल्या शेडपर्यंत लाइन न्यायची असेल, तर आपणही फायबरच न्यावी. विजा पडतात तेव्हाही ती बरी.

कडोलीत काय निघाले

पुतण्याने लॅपटॉप थेट राउटरला लावला. मोटर चालू असतानाही मीटिंग तुटली नाही. मागच्या खोलीत लिंक १०० ची होती, आणि मोटर चालू करताच एररचा आकडा धावू लागला. मग आम्ही प्लग उजेडात धरून पाहिला. आतले रंग अगदी 'नीट' होते: केशरीशेजारी केशरी, हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. दुसऱ्या टोकालाही तेच.

बेळगावहून दोन प्लग आणि क्रिंपिंग टूल आणले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणून आधी फक्त प्लग बदलले. लिंक १००० झाली. मोटर चालू केली, तरी आकडा जागचा हलला नाही. केबल मोटरच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून गेली होती. ती दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून, मेन स्विच बंद करून वेगळी काढली. विजेच्या वायरीशेजारचे काम आपण स्वतः करू नये.

मोटर तीच आहे, केबलही तीच. पुतण्या अजून कडोलीतच आहे. आज्जी आता लाईट येईल तेव्हा पाणी भरते. मात्र मीटिंग चालू असली, की मोटर लावण्याआधी खोलीच्या दारात येऊन विचारते, "लावू की नको रे बाळा?"

तो आतून मान हलवतो, "लाव की आज्जी."