मासे मेले म्हणजे विषच पडलं का?

भंडारा जिल्ह्यात पहाटे तलावाच्या कडेला मासे पोटं वर करून तरंगताना दिसले, की पाळीवर पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: कुणीतरी विष टाकलं. त्यावरून गावागावांत वैर धरलं जातं. साकोली तालुक्यातल्या एकोडीकडचा भाग मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणजे छोट्या तळ्यांचा. इथे मासेमारीवर घरं चालतात, म्हणून हा निष्कर्ष तपासून घ्यायलाच हवा.

आधी मेलेत कोण, ते पाहा. रोहू, कतला, मृगळ मेले आणि मरळ, वागूर मात्र जिवंत असतील, तर संशय विषापेक्षा प्राणवायूवर जास्त जातो. मरळ आणि वागूर पाण्यावर तोंड काढून हवेतला प्राणवायू घेतात, कतल्याला ते जमत नाही. हिरव्यागार पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्यात आभाळ चार दिवस भरलेलं आणि तळाशी बेशरमचा पालापाचोळा कुजत असेल, तर संकट ठरलेलंच. रोहू-कतल्यासारख्या कार्प माशांना लिटरमागे 5 मिलिग्रॅम प्राणवायू मानवतो; तो 3 च्या खाली गेला की मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. धानाच्या फवारणीनंतर पाऊस झाला आणि पाणकिडे, बेडकाची पिल्लं, मरळ अशी सगळीच सृष्टी मेली, तर मात्र कीटकनाशकाचा विचार करावा. रोगाची मरतूक बहुधा वेगळी दिसते: एखाद-दुसऱ्या जातीत, रोज थोडी थोडी.

दुसरा समज, अँटिबायोटिक टाकलं की रोग जातो. ते जिवाणूंवर चालतं. विषाणूंवर चालत नाही आणि आर्ग्युलसवर, म्हणजे माशाच्या उवेवर, तर मुळीच नाही. ही ऊ डोळ्यांनी दिसते: काही मिलिमीटरची, चपटी, जवळजवळ पारदर्शक, खवल्यांवर सरकत फिरणारी. मासा अंग खाजवायला काठीदगडांवर घासतो. मादी अंडी घालायला माशावरून उतरते आणि दगड, बांबू, खुंट अशा कठीण पृष्ठभागावर ओळीनं अंडी चिकटवते. म्हणून पाण्यात बांबू रोवून ठेवावेत आणि ठरावीक दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवावेत. अंड्यांसकट पुढची पिढी संपते. औषधाच्या पुडीपेक्षा हा उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

हिवाळ्याच्या तोंडी मरळीच्या अंगावर लाल चट्टे पडतात, पुढे खोल जखमा होतात. हा व्रणरोग, ईयूएस, भारतात 1988 साली ईशान्येकडून शिरला. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाचा बुरशीसारखा जीव त्याच्या मुळाशी असतो. सायप्रिनस आणि तिलापियाला तो सहसा धरत नाही. तो माणसाला होत नाही, त्यामुळे 'तलावातला मासाच खाऊ नका' ही आवई निराधार आहे आणि ती मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या पोटावर येते. मात्र जखमेत इतर जिवाणू वाढतात, म्हणून व्रण असलेला मासा बाजारात आणू नये, खाऊही नये.

माशांचं बीज टवटवीत दिसलं म्हणजे निरोगी, हा समज सगळ्यांत महाग पडतो. रोग बहुधा आपल्याच हातांनी येतो: पिशवीतल्या बीजातून, दुसऱ्या तलावातून ओलं आणलेल्या जाळ्यातून. इथे तर एका तलावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या बोडीत उतरतं, म्हणजे वरच्याचं दुखणं खालच्याला. पिशवी आधी तलावात तरंगत ठेवून पाण्याचं तापमान सारखं करावं. मग लिटरमागे 20 ते 30 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात बीज दोन-तीन मिनिटं बुडवावं, तडफड सुरू झाली की लगेच काढावं. पिशवीतलं पाणी तलावात ओतू नये. जाळं उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नये.

शेवटचा समज, मेलेला मासा दाखवला की निदान होतं. मासा काही तासांत कुजतो आणि खरं कारण झाकलं जातं. तपासणीला मरायला टेकलेला, पण जिवंत मासा लागतो आणि सोबत पाण्याचा नमुना. मत्स्यव्यवसाय विभागाला लगेच कळवावं. जलचरांच्या रोगांवर देशभर लक्ष ठेवणारा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि 2023 मध्ये त्याचं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अॅप आलं. पाळीवर उभं राहूनच त्यावर फोटोसकट खबर देता येते.