सफोक पंच: एका मातीचा घोडा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक आणि त्याच्या उत्तरेचा नॉरफोक या परगण्यांना दोन बाजूंनी समुद्र आणि पश्चिमेला फेन्स नावाचा दलदलीचा पट्टा असल्यामुळे हा प्रदेश दीर्घकाळ उर्वरित देशापासून काहीसा तुटलेला राहिला, आणि या तुटलेपणातच सफोक पंच ही अवजड ओझे ओढणाऱ्या घोड्यांची जात घडली. ब्रिटनमधील अशा तीन प्रमुख देशी जातींपैकी शायर आणि क्लाइड्सडेल यांनी गोद्यांत आणि शहरांतील मालवाहतुकीत नाव कमावले. सफोक पंच मात्र मुख्यतः नांगरासाठीच वाढवला गेला. नांगर म्हटला की बैलच डोळ्यांसमोर येणाऱ्या मराठी वाचकाला, सुमारे एक टन वजनाचा प्राणी केवळ शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पारखून तयार करण्याची ही खटपट कुतूहलाची वाटावी.

पूर्व इंग्लंडमधील कामकरी घोड्यांचे उल्लेख १६ व्या शतकापासून आढळतात, परंतु आजच्या जातीचा ज्ञात इतिहास एका विशिष्ट घोड्यापासून सुरू होतो. वुडब्रिजजवळच्या अफर्ड गावातील थॉमस क्रिस्प या शेतकऱ्याकडे १७६८ मध्ये जन्मलेला एक तांबूस, आखूड पायांचा आणि भरीव अंगाचा घोडा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे पैदाशीचा घोडा गावोगाव फिरवून घोड्यांच्या मालकांकडून मोबदला घेतला जाई, आणि क्रिस्प यांचा घोडाही असाच परिसरात फिरला. पुढे इतर काही नरांच्या शाखाही या जातीत मिसळल्या, परंतु त्या एकेक करून खुंटल्या, आणि आज जिवंत असलेल्या प्रत्येक सफोक पंचची पितृपरंपरा क्रिस्प यांच्या घोड्यापाशीच जाऊन पोहोचते. हे ठामपणे सांगता येते, कारण १८७७ मध्ये स्थापन झालेल्या सफोक घोडा संस्थेसाठी हर्मन बिडेल यांनी जुन्या शेतकऱ्यांच्या आठवणी, जाहिराती आणि कागदपत्रे चाळून मोठ्या चिकाटीने वंशनोंदवही, म्हणजे प्रत्येक जनावराच्या मातापित्यांची नोंद ठेवणारा ग्रंथ, तयार केली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात अफर्डच्या त्या घोड्याला ४०४ हा क्रमांक मिळाला.

या जातीचे पहिले लक्षण रंग. प्रत्येक सफोक पंच तांबूसच असतो. गडद काळपट तांबड्यापासून लिंबासारख्या फिकट छटेपर्यंत त्याचे सात प्रकार परंपरेने मानले जातात, आणि कपाळावरच्या छोट्याशा चांदणीपलीकडे पांढरा रंग फारसा दिसत नाही. यामागचे कारण आनुवंशिक आहे. घोड्यांतील तांबूस रंग अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडूनही ते जनुक मिळाल्याशिवाय तो प्रकट होत नाही. त्यामुळे दोन्ही पालक तांबूस असले की शिंगरूही तांबूसच निपजते, आणि एकदा इतर रंग वगळले गेल्यावर ते परत येण्याची वाटच उरत नाही.

मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजल्यास हा घोडा साधारणतः साडेपाच फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे शायरहून काहीसा बुटका असतो. त्याची मान जाड आणि छाती रुंद असून खांदे खाली उतरते असतात. त्यामुळे ओढण्याचा जोर जमिनीजवळून लागतो. शायर आणि क्लाइड्सडेल यांच्या पायांवर खुरांपर्यंत लोंबणारे रेशमी केस असतात आणि प्रदर्शनात ते फार शोभून दिसतात, पण सफोकच्या चिकण मातीत ते निव्वळ संकट ठरले असते, कारण चिखल त्यांत अडकून वाळतो आणि खालची कातडी ओली राहून चिघळते. सफोक पंचचे पाय जवळजवळ केशहीन असतात. शेतकऱ्यांनी येथे देखणेपणापेक्षा सोय निवडली, आणि ही निवड शहाणपणाची होती. खुरांबाबत मात्र हेच शेतकरी बराच काळ गाफील राहिले. देहाच्या मानाने खूर लहान आणि ठिसूळ असल्याची टीका वाढल्यावर प्रदर्शनांत केवळ खुरांसाठी स्वतंत्र स्पर्धा ठेवण्यात आल्या, आणि हा दोष हळूहळू कमी झाला.

परंतु या घोड्याची खरी ख्याती त्याच्या खाण्याच्या आणि कामाच्या वेळापत्रकात आहे. जॉर्ज युअर्ट इव्हान्स या लेखकाने सफोकमधील जुन्या घोडेवाल्यांकडून ऐकलेल्या आठवणींच्या आधारे १९६० मध्ये ‘द हॉर्स इन द फरो’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सफोकच्या रीतीनुसार घोडेवाला पहाटे चारच्या सुमारास तबेल्यात येऊन घोड्यांना चंदी घाली, ती पचायला दोन तास देई, आणि साडेसहाला शेतावर गेलेली जोडी दुपारी अडीचपर्यंत मध्ये तोबरा न चढवता राबे. पोटाचा घेर मोठा असल्यामुळे एका खाण्यावर इतका वेळ टिकणे या जातीला जमते, असे मानले जाते. दोन घोड्यांच्या नांगराने दिवसाला सुमारे एक एकर जमीन होत असे, आणि तास नऊ इंच रुंद धरले, तर तेवढ्यासाठी घोड्यांना आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या माणसाला जवळपास १८ किलोमीटर चालावे लागे. तबेल्यातील मानपानही कडक होता. मुख्य घोडेवाल्याची जोडी बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याने जोडी हलवायची नसे.

याच गुणांत पुढील संकटाचे मूळ होते. स्थानिक शेतकऱ्यांनाच या घोड्यांची गरज असल्यामुळे ते बाहेर फारसे विकले गेले नाहीत, आणि जात एका कोपऱ्यात व एका कामात गुंतून राहिली. पहिल्या महायुद्धात असंख्य घोडे लष्कराने नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले, आणि पूर्व इंग्लंडची सपाट, मोठी धान्यशेते यंत्रांना सर्वांत सोयीची असल्यामुळे तेथील तबेले झपाट्याने रिकामे झाले. पुष्कळ घोडे कत्तलखान्यात गेले. १९६६ मध्ये संपूर्ण वर्षात केवळ नऊ शिंगरांची नोंद झाली. या पडत्या काळात परंपरा जपणाऱ्या ठिकाणांत, काहीशा अनपेक्षितपणे, हॉलेस्ली बे येथील तुरुंगाची शेती होती, जिथे कैदी या घोड्यांची निगा राखत. हा कळप आता सफोक पंच ट्रस्टकडे आहे. भारतीय उपखंडाशी या जातीचा संबंध खेचरांमुळे आला, कारण लष्करासाठी भक्कम खेचरे मिळावीत म्हणून हे घोडे पाकिस्तानात नेण्यात आले होते.

इप्सविच टाउन या फुटबॉल संघाच्या बोधचिन्हावर सफोक पंच दिमाखाने उभा असला, तरी ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात हे घोडे काही शेच उरले आहेत. एका नरापासून अनेक शिंगरे मिळू शकतात, परंतु सुमारे अकरा महिन्यांच्या गर्भधारणेमुळे घोडी वर्षाला एकच शिंगरू देऊ शकते, म्हणून माद्यांची संख्या वाढवणे हाच संवर्धनाचा गाभा ठरतो. या दृष्टीने नर आणि मादी निपजवणारे शुक्राणू वेगळे करून कृत्रिम रेतन करण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला, आणि २०२० मध्ये त्यातून या जातीची एक मादी शिंगरू जन्माला आली.