स्टेअरिंग जड झाले? आधी पुढची चाके उचला



गळीत हंगाम सुरू झाला की अकलूजला येणारे सगळे रस्ते उसाने भरून जातात. बैलगाड्या, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक. आणि त्यांच्यातून वाट काढीत वाढे, खत, दुधाचे कॅन वाहणाऱ्या आपल्या पिकअप गाड्या. यांतल्या पुष्कळ जुन्या. स्टेअरिंग जड झाले तरी "चालतंय की अजून" म्हणून रेटायचे. आमचेही तेच चालले होते. गेल्या हंगामात चारीवरून डांबरी रस्त्याला वळलो. चाक वळले खरे, पण परत सरळ येईना. समोर उसाची बैलगाडी. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावले. गाडीवान जे बोलला ते इथे छापण्याजोगे नाही, पण चूक आमचीच होती.

मिस्त्रीने गाडी जागेवरच पाहिली आणि सांगितले, "बॉक्स गेलाय, नवा टाका." उसाच्या बिलातून तो खर्च करायला आम्ही तयारही झालो होतो. एका जुन्या जाणत्या मेकॅनिकने अडवले. म्हणाला, "आधी जडपणा कुठं आहे ते तर बघा!"

पहिली गोष्ट हवा. पुढच्या चाकांत हवा कमी असली की स्टेअरिंग हमखास जड लागते. दुसरी, टायर. पूर्वीच्या जीपला ६.००-१६ चे अरुंद टायर असत. आता ऐटीखातर रुंद टायर चढवतात आणि मग खांदे दुखतात म्हणून तक्रार करतात! पॉवर स्टेअरिंगची गाडी असेल तर तेलाची पातळी, गळती आणि पंपाचा पट्टा ढिला आहे का, हे पाहावे.

एवढे ठीक असेल तर मागच्या चाकांना दगड लावून पुढचा एक्सल जॅकवर घ्यावा. दोन्ही चाके अधांतरी हवीत. एक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. आता स्टेअरिंग फिरवून पाहावे. हलके फिरले, तर दोष बहुधा हवा, टायर, अलाइनमेंट किंवा जादा भरलेला माल यांचा. तरीही जडच असेल, तर बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवावी. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे, आणि जोडताना स्प्लिट पिन नवी घालायला लावावी. लिंक सुटल्यावरही स्टेअरिंग जड राहिले तर दोष बॉक्समध्ये किंवा वरच्या दांड्यात. बॉक्समध्ये गिअर ऑईल आहे का ते पाहावे. शिवाय 'प्ले' काढण्यासाठी कुणी बॉक्सचा स्क्रू जादा आवळून ठेवलेला असतो, त्यानेही स्टेअरिंग मध्यावर अडते.

आमचे स्टेअरिंग लिंक सोडताच एका बोटाने फिरू लागले. म्हणजे बॉक्स निर्दोष! मग चाके हाताने वळवून पाहिली. उजवे बरे होते, डावे दोघांनी ओढल्यावर कसेबसे हलले. किंगपिन कोरडी पडली होती.

आता यातली गंमत ऐका. ग्रीस दर महिन्याला मारले जात होते. पण आधी कधीतरी बुश बदलताना बुशाचे भोक आणि निप्पलचे भोक एका रेषेत आलेच नव्हते. ग्रीस आत न जाता निप्पलच्या कडेने बाहेर येई. आमचा गडी ते फडक्याने पुसून "भरलं, मालक" म्हणे, आणि आम्ही मान डोलवायचो. किंगपिन काढली तेव्हा ती गंजून खरबरीत झालेली. नवी पिन, नवे बुश, भोके जुळवून, रीमर मारून बसवले. बॉक्सच्या किमतीपुढे हा खर्च फारच थोडा झाला.

म्हणून ग्रीस मारताना एक्सल उचललेला असावा, म्हणजे भार निघून ते सगळीकडे पोचते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागून नवे दिसेपर्यंत गन चालवावी. निप्पल घेत नसेल तर काढून भोक साफ करावे आणि नवे निप्पल लावावे. चिखलातून किंवा कॅनॉलच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर महिन्याची वाट पाहू नये.

किंगपिन झिजली का, हेही तेव्हाच पाहता येते. उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवावे. खुळखुळ लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खुळखुळ थांबली तर चाकाचे बेअरिंग ढिले, राहिली तर किंगपिन.

आपल्या अकलूजच्या बाजारात घोडा घेताना माणूस त्याचा खूर उचलून बघतो, चालवून बघतो. जुनी गाडी घेताना मात्र रंग पाहतो आणि हॉर्न वाजवतो. या खेपेला कुणी जुनी पिकअप घेणार असेल तर सोबत जॅक न्यावा. विकणारा चाके उचलू देत नसेल तर सौदा तिथेच सोडावा.