बटण दाबलं, पण काहीच हललं नाही

फॉर्म भरून झाला. ‘जमा करा’वर बोट टेकलं. पडदा ढिम्म. म्हणून पुन्हा टेकलं, आणि थोड्या वेळानं एकाच अर्जाच्या दोन पावत्या आल्या. मोबाइलवरून परीक्षेचा नाहीतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

बोट टेकल्यापासून पडदा हलेपर्यंतचा हा क्षण फ्रंट-एंड डेव्हलपरच्या हातात असतो. वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा आणि बोटांना लागणारा भाग तो बांधतो. मार्च २०२४ पासून गूगलनं हा क्षण नीट मोजायला घेतला आहे. पूर्वी फक्त पहिल्या स्पर्शाचा हिशेब होई. आता पान उघडं असेपर्यंतचे सगळे स्पर्श धरले जातात. पडदा २०० मिलिसेकंदांच्या आत हलला तर चांगलं, ५०० च्या पुढे गेला तर वाईट.

पडदा उशिरा हलतो तो पानं जड झाल्यामुळे. मग ती इतकी जड झाली कशी? १९९५ मध्ये ब्रेंडन आइकनं अवघ्या दहा दिवसांत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तिच्याकडून किरकोळ कामांचीच अपेक्षा होती. २०१३ मध्ये फेसबुकनं आपलं पानं बांधायचं साधन रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुलं केलं आणि अख्खं पान ब्राउझरमध्येच बांधायची पद्धत आणखी फोफावली. म्हणजे कणीक, तेल आणि कृती घरपोच. पोळ्या ज्यानं त्यानं आपल्या शेगडीवर लाटून भाजायच्या. डेव्हलपरच्या महागड्या लॅपटॉपवर त्या झटपट होतात. आठ-दहा हजारांच्या फोनवर मात्र तवा तापायलाच वेळ लागतो.

आता वारं उलट वाहू लागलंय. नेक्स्ट, अ‍ॅस्ट्रो यांसारखी साधनं पानाचा शक्य तेवढा भाग सर्व्हरवरच तयार करून पाठवतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्टच्या १९ व्या आवृत्तीनं तर सर्व्हरवर चालणारे घटक अधिकृतपणे पदरात घेतले. पोळी पुन्हा भाजूनच येते आहे.

दुसरा बदल थेट नोकऱ्यांना भिडतो. कोड सुचवणारं गिटहब कोपायलट २०२१ मध्ये चाचणीसाठी आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी यंत्राला साध्या भाषेत सांगून कोड लिहून घेण्याच्या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिलं. डिझायनरनं आखलेलं चित्र पाहून त्याचं पान तयार करणं, हे नवशिक्याला मिळणारं पहिलं काम. आज त्याचा पहिला मसुदा यंत्र काही मिनिटांत देतं. त्यामुळे निव्वळ रिअ‍ॅक्ट शिकवणारा क्लास आज पुरत नाही, हे विद्यार्थ्यांना आणि फी भरणाऱ्या पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

यंत्रानं लिहिलेला कोड तपासता येणं, हे आता खरं कौशल्य. एक साधं बटण घ्या. पान ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये बटणासाठी स्वतंत्र खूण आहे. तरी घाईत लिहिणारे, माणूस असो वा यंत्र, कित्येकदा साध्या चौकटीलाच रंग देऊन बटणाचं रूप देतात. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण कीबोर्डवरची टॅब कळ दाबत गेलं तर त्या चौकटीवर थांबताच येत नाही. अंध व्यक्तीच्या फोनमधलं, पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक त्यावरची अक्षरं वाचतं, पण ‘हे बटण आहे’ असं सांगत नाही. तिच्यासाठी दार आहे, कडी नाही.

सगळ्यांना वापरता येईल असं पान बांधण्याला आता कायद्याचंही वजन आहे. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांना ऑनलाइन ओळख पडताळणीत डोळे मिचकावायला सांगितलं जाई, आणि जखमांमुळे ते शक्य नव्हतं. त्यांच्या आणि एका अंध याचिकाकर्त्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. युरोपीय संघाचा सुलभतेचा कायदा त्याच वर्षी २८ जूनपासून लागू झाला. त्यामुळे तिथल्या ग्राहकांसाठी भारतात बसून काम करणाऱ्यांनाही बटणाची ती खूण विसरून चालणार नाही.

मराठी पानांची दुखणी आणखी वेगळी आहेत. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात. तोच नियम ‘महाराष्ट्र’ला लावला की शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर कमी पडलं तर वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं नोंदवलं नाही, तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाचे उमटतात. वाचून दाखवणारं यंत्रही भलत्याच भाषेचा आवाज निवडू शकतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं घडवलेला ‘मुक्ता’सारखा सुरेख देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो. तो पानात नीट बसवायला मराठी वाचणारा डोळा लागतो, आणि इथल्या मुलामुलींकडे तो आहेच.

या कामात शिरू पाहणाऱ्यानं एक संध्याकाळ काढावी. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत प्रोसेसर मुद्दाम सहापट संथ करायची सोय आहे. ती चालू करावी, माऊस बाजूला ठेवावा आणि आपणच बांधलेला फॉर्म फक्त कीबोर्डवरून भरायला घ्यावा. जिथे अडकायला होईल, तिथून दुसऱ्या दिवशीचं काम सुरू करावं.