छोटा टॉवर, मोठा प्रश्न!

'इंटरनेट सगळ्यांसाठी सारखंच हवं' हे म्हणायला सोपं आहे. पण टॉवरवरून दोन-चारशे घरांना नेट देणाऱ्या छोट्या कंपनीला ते परवडतं का? की उलट, त्याच नियमाच्या जोरावर ती तग धरून आहे?

शुक्रवारची रात्र. बॉसचा शेवटचा मेल पाठवून झालाय, पिझ्झा आलाय, नवी वेबसीरिज लावलीय आणि... स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र! मग राउटर बंद-चालू करा, नेटवाल्याला फोन लावा, त्याच्या नावाने बोटं मोडा. हे सगळं आपल्याला पाठ आहे.

पण समजा, उद्या त्या नेटवाल्यानेच ठरवलं, 'या एका साइटमुळे माझं सगळं नेटवर्क जाम होतंय, तिचा स्पीड कमी करून टाकतो.' चालेल? आणि समजा त्याने एखाद्या बड्या कंपनीकडून पैसे घेतले आणि तिचंच अॅप सुसाट पळायला लागलं, बाकीची रखडली. मग?

हे होऊ नये, यालाच म्हणतात नेट न्यूट्रॅलिटी. हा शब्द अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मधल्या एका लेखातून रूढ केला. आपल्याकडे तो घराघरांत पोचला २०१५ मध्ये. एअरटेलने 'एअरटेल झीरो' आणलं, काही अॅप्स फुकट आणि बाकी पैसे मोजून, आणि तरुण मंडळी खवळली. ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल्स गेले! फ्लिपकार्टने त्या योजनेतून अंग काढून घेतलं. पुढे फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वरून रण पेटलं आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने साइट पाहून वेगवेगळे दर लावायला बंदीच घातली.

त्या भांडणात एका बाजूला आपण होतो आणि दुसऱ्या बाजूला बड्या टेलिकॉम कंपन्या. पण नेट देणारे सगळेच काही बडे नसतात. गच्चीवर अँटेना लावून, टॉवरवरून हवेतून नेट पोचवणारे छोटे प्रोव्हायडर्सही असतात. ते या भांडणात नेमके कुठे उभे आहेत?

हवेतलं नेट चालतं कसं?

जिथे केबल टाकायचा खर्च निघत नाही अशा गावात, डोंगराळ भागात, शहराच्या टोकाला हे लोक एक टॉवर उभा करतात. टॉवरवर रेडिओ, ग्राहकाच्या छपरावर छोटी डिश. फ्रिक्वेन्सी शक्यतो अशी, जिला लायसन्स लागत नाही. म्हणजे आपल्या घरातलं वाय-फाय चालतं तीच जातकुळी.

मेख इथेच आहे. फायबरमध्ये क्षमता वाढवायला बराच वाव असतो. रेडिओचं तसं नाही. एका अँटेनाखाली जितकी घरं, त्या सगळ्यांना एकच हवा वाटून घ्यावी लागते. त्यात एखादं घर लांब असेल किंवा मध्ये झाड आलं असेल, तर तेवढाच डेटा पाठवायला रेडिओला कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. तो वेळ शेजाऱ्यांच्या वाट्यातून जातो. शिवाय टॉवरपर्यंत येणारी मुख्य लाइन ही मंडळी दुसऱ्या, मोठ्या कंपनीकडून विकत घेतात. लांबच्या गावात ती महागच पडते.

नळाला पंप लावणारे!

सोसायटीत पाणी कमी दाबाने येतं आणि तळमजल्यावरचा एक जण थेट लाइनलाच पंप लावतो. वरच्यांच्या नळाला फक्त फुस्स! २००५ ते २०१० च्या सुमाराला इंटरनेटवर हा पंप म्हणजे बिटटोरंटसारखं फाइल-शेअरिंग होतं. रात्रंदिवस डाउनलोड आणि त्याहून वाईट म्हणजे अपलोड.

२००७ मध्ये अमेरिकेतली अवाढव्य केबल कंपनी कॉमकास्ट बिटटोरंटची कनेक्शन्स गुपचूप तोडताना पकडली गेली. तिथल्या एफसीसीने, म्हणजे त्यांच्या ट्रायने, सुनावण्या घेतल्या. एप्रिल २००८ मध्ये स्टॅनफर्डला झालेल्या सुनावणीत ब्रेट ग्लास बोलायला उभे राहिले. वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावात १९९२ पासून हवेतून नेट देणाऱ्या 'लॅरियॅट'चे हे संस्थापक. त्यांचं म्हणणं असं, की पी-टू-पीवाल्या कंपन्या आपला बँडविड्थचा खर्च माझ्यासारख्या छोट्या प्रोव्हायडरच्या गळ्यात मारतात. त्याला लगाम घालायचा हक्क मला नसेल, तर माझं दुकान चालणार कसं?

मुद्दा पटण्यासारखा आहे. पण लगेच टाळ्या वाजवू नका, कारण छोटा म्हणजे साधूच असतो असं नाही. २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर नावाच्या एका लहान टेलिफोन कंपनीने व्होनेज या इंटरनेट फोनसेवेची वाटच बंद करून टाकली होती. का, तर नेटवरून स्वस्त फोन झाले की तिचा स्वतःचा फोनचा धंदा बसणार! एफसीसीने प्रकरण मिटवताना कंपनीला १५,००० डॉलर्स भरायला लावले. गर्दी आवरणं वेगळं आणि स्पर्धकाचा गळा दाबणं वेगळं. बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

सब घोडे बारा टक्के?

फेब्रुवारी २०१५ मध्ये एफसीसीने कडक नियम आणले. कुठलीही साइट अडवायची नाही, मुद्दाम मंद करायची नाही आणि पैसे घेऊन कुणाला पुढे काढायचं नाही. नेटवर्क सांभाळण्यासाठी वाजवी उपाय करायला मोकळीक होती. पण 'वाजवी' म्हणजे काय, हे ठरवणार कोण?

बड्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. चार माणसांच्या कंपनीत जो टॉवरवर चढतो तोच बिलं काढतो आणि तोच फोन उचलतो. त्याच्यासाठी नियमांची कागदपत्रं म्हणजे नाकापेक्षा मोती जड! म्हणून अमेरिकेतल्या वायरलेस प्रोव्हायडर्सची संघटना 'विस्पा' कोर्टात गेली. टेक्सासची छोटी वायरलेस कंपनी अलामो ब्रॉडबँडही गेली. दोघीही जून २०१६ मध्ये हरल्या. पण २०१७ मध्ये एफसीसीचे नवे अध्यक्ष अजित पै यांनी नियम काढायचा घाट घातला, तेव्हा त्यांनी दाखला दिला तो याच छोट्यांचा. हजार किंवा त्याहून कमी ग्राहक असलेल्या २२ कंपन्यांनी 'नियमांमुळे आमची वाढ खुंटली' असं लिहून दिलं होतं.

मधला मार्ग नव्हता असं नाही. माहिती जाहीर करण्याच्या जादा कागदपत्रांतून एक लाखापर्यंत ग्राहक असलेल्यांना २०१५ पासूनच सूट होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती मर्यादा अडीच लाखांवर नेली गेली. म्हणजे मोती हलका करता येतो, त्यासाठी नाक कापायची गरज नाही!

नाण्याची दुसरी बाजू

आता गंमत बघा. त्याच २०१७ मध्ये चाळीसेक छोट्या-मध्यम प्रोव्हायडर्सनी पै यांना पत्र लिहिलं, 'नियम काढू नका!' सही करणाऱ्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या गच्च्यांवरून नेट देणारी मंकीब्रेन्सही होती.

असं का? कारण छोटा प्रोव्हायडर हा स्वतःही एक ग्राहकच असतो. तो लाइन घेतो मोठ्या कंपनीकडून आणि बहुतेक वेळा तीच त्याची स्पर्धकही असते. तिने वाट अडवली तर दाद कुठे मागायची? दुसरं म्हणजे, फास्ट लेन विकायला ठेवली तर ती विकत घेणारा जाणार कुठे? २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टशी पैसे देऊन थेट जोडणीचा करार केला, कारण कॉमकास्टकडे कोट्यवधी प्रेक्षक होते. चारशे घरांच्या टॉवरवाल्याशी असा करार करायला कोण येणार? पैशांच्या रस्त्यावर छोट्याला टोलनाका कधीच मिळत नाही, ट्रॅफिक जॅम मात्र मिळतो.

पुढची कथा तुम्ही ऐकली असेल. डिसेंबर २०१७ मध्ये नियम गेले, एप्रिल २०२४ मध्ये परत आले आणि २ जानेवारी २०२५ ला अपील कोर्टाने ते पुन्हा उडवले. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचे स्वतःचे कायदे तेवढे आहेत. छोट्या धंद्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या धरसोडीचा. टॉवरचं कर्ज काही निवडणुका पाहून फिटत नाही!

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मंजूर केली आणि ती लायसन्सच्या अटींत घातली. त्यामुळे जिल्ह्यापुरता आयएसपी असो की देशभराचा, नियम एकच.

वायरलेसची वाट उघडली ती २००५ मध्ये, २.४ गीगाहर्ट्झला लायसन्समधून सूट मिळाली तेव्हा. धरमशालाच्या डोंगरांत 'एअरजल्दी'ने त्यावरच जाळं विणलं. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सी वापरून गावांत नेट पोचवून दाखवलं आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलं. स्पर्धेची अटच अशी होती, की लोकांना जोडा, पण साइट्समध्ये डावं-उजवं न करता.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेत तर चहाची टपरीवालाही लायसन्सशिवाय वाय-फाय विकू शकतो. पण त्याला लागणारी लाइन त्याच बड्या कंपन्यांकडून यायची, तीही महागड्या दराने. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिलं, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनसाठी घरगुती फायबरच्या दुपटीहून जास्त दर लावायचा नाही. साइट्सशी सारखं वागा हे झालंच, पण लाइन विकतानाही वाजवी वागा, हे छोट्यासाठी तितकंच महत्त्वाचं. त्यातच जिओसारखी कंपनी एअरफायबरसाठी लायसन्स न लागणारे रेडिओ वापरू लागलीय. म्हणजे ज्या हवेत छोटे जगत होते, तिथेही आता दाटीवाटी.

पंपाचा इलाज

मग पंपवाल्याचं काय? आनंदाची गोष्ट म्हणजे इंजिनीअर्सनी यावर उत्तर काढलंय. 'एफक्यू-कोडेल' नावाचं तंत्र (२०१८ मध्ये ते अधिकृत इंटरनेट दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झालं) पाकिटात काय आहे हे बघतच नाही. ते प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने पुढे सोडतं आणि रांग तुंबू देत नाही. त्यावर आधारलेलं 'लिब्रेक्यूओएस' हे फुकट सॉफ्टवेअर ग्राहकागणिक वाटणी करतं आणि ते बनलंच आहे छोट्या प्रोव्हायडर्ससाठी. शेजारी काहीही डाउनलोड करो, तुमच्या व्हिडिओ कॉलचा वाटा तुम्हाला मिळतो आणि कुणी काय बघितलं याची चौकशीही होत नाही. ब्रेट ग्लास यांची अडचण खरी होती. पण तिच्यावरचा इलाज बिटटोरंट ओळखून अडवणं हा नव्हता, वाटणी नीट करणं हा होता.

कनेक्शन घेताना हे विचारा

* संध्याकाळी आठ ते अकरा या वेळात स्पीड किती मिळतो? जाहिरातीतला नव्हे, खरा!
* एका अँटेनावर साधारण किती घरं आहेत?
* गर्दीच्या वेळी स्पीड सगळ्यांचा सारखा कमी करता की ठराविक अॅप्सचा? 'ठराविक अॅप्सचा' असं उत्तर आलं तर कारण लेखी मागा.
* डेटाची मर्यादा असेल तर ती सगळ्या साइट्सना सारखी लागू आहे का?
* समाधान झालं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात आणि मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.