पुलाचे बळ आणि कर्बाचा ताळेबंद

सिमेंट जितके अधिक, तितका पूल भक्कम, ही समजूत बांधकाम साहित्याच्या दुकानांत आजही ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. काँक्रीटचे बळ मुख्यतः सिमेंट व पाणी यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. गरजेहून अधिक घातलेले पाणी कालांतराने उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. मोठ्या पुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम-60’ प्रतीच्या काँक्रीटचा 15 सेंटिमीटरचा घन 28 दिवसांनी सुमारे 137 टन भार पेलतो. हे सामर्थ्य कमी पाणी, वाळू-खडीची नेमकी प्रतवारी आणि मिश्रण प्रवाही करणारी रसायने यांतून येते.

सिमेंट जपून वापरण्याचे दुसरे कारण हवेशी निगडित आहे. सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर. तो चुनखडी व माती सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजून तयार होतो. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली, की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू दगडातूनच निघतो. त्यामुळे इंधन बदलले तरी तो टळत नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे.

उपाय म्हणजे क्लिंकरचा वाटा घटवणे. पोलाद कारखान्याची मळी म्हणजे स्लॅग आणि औष्णिक वीज केंद्राची राख हे जुने पर्याय आहेत. भारतीय मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के मळी चालते. अशा काँक्रीटची छिद्रे बारीक असल्याने समुद्राचे क्षार आतील सळयांपर्यंत सहज पोहोचत नाहीत. खाडीपुलांना ते विशेष उपकारक ठरते. मात्र राख व मळी यांचा पुरवठा कोळसा आणि लोखंडाच्या भट्ट्यांवर अवलंबून आहे. म्हणून स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील संशोधकांनी, त्यांत दिल्ली व मद्रासच्या आयआयटीही आल्या, चिकणमातीकडे लक्ष वळवले. ती 700 ते 850 अंशांवर भाजतात. 50 टक्के क्लिंकर, 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के न भाजलेली चुनखडी व 5 टक्के जिप्सम अशा ‘एलसी-3’ सिमेंटमुळे कर्ब-उत्सर्जन 30 ते 40 टक्क्यांनी घटू शकते. भारतीय मानक ब्युरोने 2023 मध्ये या प्रकारच्या सिमेंटसाठी मानक प्रसिद्ध केले.

मग अडचण कोठे आहे? ती प्रामुख्याने वेळेची आहे. मळी व राख घातलेले काँक्रीट सुरुवातीला सावकाश बळ धरते. कंत्राटदाराच्या कर्जावर मात्र व्याज रोज चढते. म्हणून लवकर सेंट्रिंग काढता येईल असेच सिमेंट त्याला हवे असते. येथे विवेक लागतो. पुलाच्या पायावर पूर्ण भार काही महिन्यांनी येतो. तेथे 28 ऐवजी 56 किंवा 90 दिवसांच्या बळाची कसोटी अभियंत्याला ठरवता येते, आणि क्लिंकर मोठ्या प्रमाणात वाचतो. ज्या गर्डरला काही दिवसांतच ताण द्यायचा असतो, तेथे लवकर बळ देणारे मिश्रण योग्य. एलसी-3 मध्ये भाजलेली माती पाणी अधिक मागते. तेव्हा वरून पाणी न ओतता रसायनाचे प्रमाण साधावे लागते. पाणी मारण्यात हयगय झाली, तर या साऱ्या मिश्रणांचा लाभ निष्फळ होतो.

जैन दर्शनाने पृथ्वी, पाणी, अग्नी व वायू यांच्या ठायीही जीव मानला. खाणीतला दगड, भट्टीची आग आणि धुराड्यातला वायू हे सारे त्या विचाराच्या कक्षेत येतात. बांधकाम थांबवणे शक्य नाही. पण गरजेपुरतेच घेणे, ही यतना व्यवहारात आणता येते. सिमेंट, लोखंड व बांधकाम साहित्याच्या व्यापारातील कुटुंबांना त्याचा आरंभ सोपा आहे. पोत्यावरील प्रकार व मानक क्रमांक स्वतः वाचावा, ग्राहकाला काम कोणते ते विचारावे आणि मिश्र सिमेंट म्हणजे भेसळ नव्हे, हे त्याला समजावून सांगावे.