‘आकिरा’: वाणी, मुखाकृती आणि एका चित्रपटाचा वारसा

ओतोमो कात्सुहिरो यांनी दिग्दर्शित केलेला ‘आकिरा’ हा जपानी विज्ञानकथापट १६ जुलै १९८८ रोजी प्रदर्शित झाला. हीच तारीख चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर दिसते, आणि पाठोपाठ एका नीरव स्फोटात टोकियो शहर नाहीसे होते. पुढील कथा २०१९ सालच्या नव-टोकियोत घडते. या चित्रपटाविषयी गेल्या साडेतीन दशकांत विपुल लिहिले गेले. परंतु त्यातील बहुतेक लेखन डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे आहे. लाल मोटारसायकल, रात्रीच्या दिव्यांचे ओघळ, कोसळणाऱ्या इमारती यांचे वर्णन कोठेही सापडते. त्याच्या निर्मितीत वाणीला जे स्थान दिले गेले त्याचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. भाषेच्या अभ्यासकाला तीच एक ओळ सर्वांत विचारार्ह वाटावी, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

मूळ कथा ओतोमो यांचीच. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘यंग मॅगझिन’ या नियतकालिकात ती १९८२ ते १९९० या काळात चित्रकथेच्या रूपाने क्रमशः प्रसिद्ध होत होती. म्हणजे चित्रपट पूर्ण झाला तेव्हा कथा अपूर्णच होती. हाशिमोतो इझो यांच्यासह ओतोमो यांनी पटकथा रचली आणि तिला वेगळा शेवट दिला. चित्रकथेत आकिरा हा बालक जागा होऊन प्रत्यक्ष वावरतो. चित्रपटात ऑलिंपिकच्या बांधकामाखालील शीतकोठी उघडली जाते तेव्हा तेथे आढळतात त्या त्याच्या शरीराच्या अवशेषांच्या काचपात्र्या. ज्याच्या नावाने सारे शहर थरकापते, त्याच्या तोंडून शब्द निघण्याचा तेथे प्रश्नच उरत नाही. निर्मितीसाठी प्रकाशक, वितरक, जाहिरातसंस्था आणि दूरचित्रवाणी-कंपनी यांची ‘आकिरा समिती’ स्थापन झाली, आणि चित्रांकनाचे काम टोकियो मूव्ही शिन्शा या संस्थेकडे गेले.

आता मुख्य विषयाकडे वळू. जपानमध्ये ॲनिमेशनपटाचे संवाद चित्रे तयार झाल्यावर ध्वनिमुद्रित करण्याची रीत रूढ आहे. तिला तेथे ‘आफुरेको’ म्हणतात. ‘आफ्टर रेकॉर्डिंग’ या इंग्रजी शब्दांचा तो जपानी संक्षेप होय. १९६३ साली तेझुका ओसामु यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका दर आठवड्यास दूरचित्रवाणीवर येऊ लागली. तेव्हापासून चित्रांची काटकसर हा या व्यवसायाचा नियमच होऊन बसला. त्या काटकसरीत मुखाच्या वाट्याला सामान्यतः तीन आकृती आल्या: मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे. पात्र काहीही बोलो, या तीन आकृती आलटून पालटून दाखवावयाच्या आणि मुखाची उघडझाप थांबेल तेथे नटाने वाक्य संपवावयाचे. येथे नट चित्राचा बांधील असतो.

‘आकिरा’त हा क्रम उलटा केला गेला. संवाद आधी मुद्रित झाले आणि चित्रकारांनी ते ऐकून मुखे रेखाटली. अमेरिकेतील स्टुडिओंना ही पद्धत फार पूर्वीपासून परिचित होती. जपानी व्यवहारात मात्र तो अपवाद होता. शिवाय मुखाकृती स्वरांनुसार घडविल्या गेल्या. जपानी भाषेत स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. पैकी टोकियोच्या बोलीतील ‘उ’ मराठी ‘उ’प्रमाणे ओठ पुढे काढून उच्चारला जात नाही, आणि दोन अघोष व्यंजनांमध्ये सापडलेले ‘इ’ व ‘उ’ तर बहुधा कुजबुजीइतकेच उरतात. कानाला हे भेद सूक्ष्म वाटतात, पण जो ओठ रेखाटतो त्याला त्यांचा निर्णय करावाच लागतो.

येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल. ‘आकिरा’ संपूर्णपणे सेकंदास चोवीस नव्या चित्रांनी रेखाटला आहे, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते ग्राह्य मानता येत नाही. चित्रपटाची लांबी १२४ मिनिटे. त्या हिशेबाने चौकटी १,७८,५६० होतात. पारदर्शक पत्र्यांवरील चित्रांची संख्या सुमारे १,६०,००० सांगितली जाते, आणि एका चौकटीत असे अनेक पत्रे एकावर एक ठेवलेले असतात. म्हणजे बऱ्याच भागात एक चित्र दोन चौकटींना पुरविले गेले, आणि गतिमान प्रसंगीच प्रत्येक चौकट नवी झाली, हे उघड आहे. आता सर्वसाधारण जपानी बोलण्यात सेकंदास सात-आठ मात्रा येतात. म्हणजे एका मात्रेला सुमारे तीन चौकटी. दूरचित्रवाणीच्या काटकसरीत एक चित्र तीन-तीन चौकटी टिकते, तेव्हा एका मात्रेस जेमतेम एक चित्र मिळते आणि एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाणारे ओठ दाखविण्यास जागाच राहत नाही. दोन चौकटींच्या प्रमाणात ती जागा निर्माण होते. चित्रसंख्येचे जे कौतुक केवळ श्रीमंतीचे लक्षण म्हणून होते, त्याचा एक अर्थ असा ध्वनिशास्त्रीय आहे.

दोन्ही प्रमुख पात्रांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कानेदा, तेत्सुओ, आणि त्यांच्या जोडीला आकिरा: या तिन्ही नावांत एकही ओष्ठ्य व्यंजन नाही. ओठाला ओठ न लावता ती उच्चारता येतात, म्हणून ती आरोळीला सोयीची आणि चित्रकाराची कसोटी पाहणारी ठरतात. मुखाचा सारा भार स्वरांवर पडतो. (‘त्सु’ हा ध्वनी मराठी भाषकास नवा नाही. ‘चूल’, ‘चुलता’ या शब्दांतील दंततालव्य ‘च’ त्याच्या अगदी निकटचा होय. आपल्या लिपीत ‘च’चे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने दाखवावे लागतात, म्हणून येथे ‘त्स’ या जोडाक्षराचा आश्रय घेतला आहे.) या नावांना एक पूर्वपीठिकाही आहे. योकोयामा मित्सुतेरु यांच्या १९५६ साली सुरू झालेल्या ‘तेत्सुजिन २८’ या चित्रकथेत युद्धकाळातील गुप्त शस्त्र म्हणून निर्मिलेला एक लोहमानव आहे आणि तो चालविणाऱ्या मुलाचे नाव कानेदा शोतारो आहे. ओतोमो यांचा नायकही कानेदा शोतारोच, आणि आकिराचा क्रमांक अठ्ठावीस. जुन्या कथेत शस्त्र मुलाच्या हाती होते. येथे मुलालाच शस्त्र केले आहे.

वाणीचे महत्त्व जाणवून देणारा एक प्रसंग जपानमध्ये आजही म्हणीसारखा उद्धृत होतो. कानेदा आणि तेत्सुओ हे अनाथाश्रमापासूनचे सोबती. कानेदा टोळीचा नायक आणि तेत्सुओ सदैव त्याच्या आश्रयाखालचा. अलौकिक सामर्थ्य लाभलेला तेत्सुओ मैदानावर त्याला नुसत्या आडनावाने हाक मारतो, तेव्हा कानेदा त्याला दरडावतो की, नावापुढे ‘सान’ लाव. सामना प्राणांतिक आहे आणि वाद चालला आहे तो आदरार्थी प्रत्ययाचा! अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतील अंतर ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्या मराठी वाचकास यातील मेख सांगावी लागू नये. शहर उद्ध्वस्त करणारे भांडण मुळात कोणाला लहान म्हणावयाचे याचे आहे. इंग्रजीत ‘मिस्टर’ लावून फार तर उपरोध साधतो. वर्षानुवर्षांची पायरी त्यात उतरत नाही.

आणि येथेच या चित्रपटाच्या कीर्तीतील विसंगती उघड होते. १९८९ साली स्ट्रीमलाइन पिक्चर्स या संस्थेने तो अमेरिकेत आणला, तो इंग्रजी संवादांसह. पुढे २००१ साली पायोनिअर या कंपनीने इंग्रजी संवाद पुन्हा नव्याने मुद्रित करविले. तीन आकृतींची ढोबळ मुखे कोणत्याही भाषेला जागा देतात. ती कोणाचीच नसल्यामुळे सर्वांची होऊ शकतात. ‘आकिरा’तील मुखे जपानी बोलतात. आघातप्रधान इंग्रजीत अनाघात स्वर आखडतात, ओष्ठ्य व्यंजने जागोजागी ओठ मिटवितात, आणि तोच संवाद जपानी ओठांवर बसविताना अनुवादकाची ओढाताण होते. ज्या परिश्रमामुळे चित्रपट स्वदेशी अधिक सजीव झाला, त्याच परिश्रमाने तो परभाषेत अधिक अवघड केला. पाश्चात्त्य देशांत जपानी ॲनिमेशनला प्रौढ प्रेक्षक मिळवून देण्याचे श्रेय या चित्रपटास दिले जाते आणि ते यथार्थच आहे. पण तो प्रेक्षक चित्राने जिंकला गेला. मोटारसायकल आडवी घसरवीत थांबविण्याच्या एका दृश्याची अनुकरणे किती झाली याची गणती करणे कठीण. मुखाकृतींचे अनुकरण कोणी केल्याचे ऐकिवात नाही. २०२० च्या ऑलिंपिकचा उल्लेख चित्रपटात आहे म्हणून त्याला भविष्यवाणी ठरविण्याची हौसही अशीच. ते क्रीडासामने प्रत्यक्षात २०२१ साली भरले, एवढे नोंदवून तो विषय सोडणे बरे.

खुद्द जपानमध्येही आधी वाणी व मग चित्र हा क्रम रूढ झाला नाही. आठवड्याच्या वेळापत्रकात त्याला वाव नाही. ताकाहाता इसाओ यांनी ‘ओमोइदे पोरोपोरो’ (१९९१) मध्ये प्रौढ पात्रांसाठी आणि पुढे ‘कागुयाहिमे नो मोनोगातारी’ (२०१३) मध्ये तोच मार्ग धरला. तो त्यांचा स्वतंत्र शोध होता. ‘आकिरा’चा परिणाम म्हणून तो दाखविता येणार नाही.

संगीताच्या बाबतीतही मानवी कंठाला येथे असेच अग्रस्थान आहे. गेइनो यामाशिरोगुमी या वृंदाने बालीची बांबूवाद्ये, नो नाट्यातील गायन आणि आओमोरीच्या नेबुता उत्सवातील आरोळ्या एकत्र आणल्या. चित्रपटाचा शेवट तर केवळ कंठाचाच आहे. तेत्सुओचे शरीर आकार सोडून फुगत जाते, फुटते, आणि अखेरीस प्रकाशात विरून जाते. त्या प्रकाशातून एक आवाज स्वतःचे नाव सांगतो. दोन तास ज्याच्या प्रत्येक स्वरासाठी ओठ रेखाटले गेले, त्याच्या या शेवटच्या वाक्याला चित्रकारांनी मुख दिलेले नाही.